सारंगीची ओळ

हाजरा रोडच्या नाक्यावर ट्राम पुरती थांबायच्या आत वृंदाने उडी टाकली, चपलेचा अंगठा तुटला, आणि ती दोन्ही चपला हातात घेऊन धावत सुटली. चांगल्या घरच्या, दोन वेण्यांच्या मुलीने भर दुपारी अनवाणी धावावं असं कलकत्त्यात काय झालं, ते नाक्यावरच्या पानवाल्याला कळेना. त्याचा चुन्याचा हात पानावर तसाच राहिला.

घरी मंदाकिनीबाईंचं शुक्रवारचं भजन आटोपत आलं होतं. टाळ पिशवीत जात होते, खोबऱ्याचा प्रसाद फिरत होता.

"आई, मला बसवलं!" वृंदा दारातूनच ओरडली.

"कुठे बसवलं?"

"मागे!"

"मागे बसवलं तर एवढं नाचायला काय झालं? आणि चपला हातात का?"

"हीराकुंवरबाईंच्या मागे, आई! तंबोऱ्यावर! थांब, पाणी खाते, मग सांगते."

"पाणी पितात गं बाई," शेजारच्या लीनामावशी म्हणाल्या. "खातात ते तुझे बंगाली."

पण वृंदाला या वेळी कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. जन्म कलकत्त्याचा, शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली. तिची मराठी स्वयंपाकघर आणि भजन एवढ्यातच वाढली होती, आणि आता तर तीही पायांत पाय घालून पडत होती. एका दमात तिने सांगितलं ते असं.

दर हिवाळ्यात दक्षिण कलकत्त्याच्या एका मैदानात पूर्वप्रांतीय संगीत संमेलनाचा मंडप पडायचा. बिहार, ओरिसा, आसाम, बनारस, सगळीकडचे गवई यायचे आणि कलकत्तेकर कानटोप्या घालून त्यांना ऐकायचे. दोन वर्षांपूर्वी संमेलनाच्या मंडळींना वाटलं, नुसतं ऐकून काय होणार, गाणारेही तयार व्हायला हवेत. म्हणून त्यांनी रासबिहारी अॅव्हेन्यूवर एका होमिओपॅथीच्या दवाखान्यावरच्या खोल्या घेऊन मुलांसाठी शिक्षालय काढलं. खाली साबुदाण्याएवढ्या गोळ्या आणि वर तानपलटे. वृंदा तिथे पहिल्या दिवसापासून जात होती.

यंदाची बातमी अशी की बनारसच्या हीराकुंवरबाई संमेलनात गाऊन परत जाणार नव्हत्या. होळीपर्यंत त्या शिक्षालयात राहणार आणि शिकवणार होत्या. पण एकच मुलगी. "परीक्षाबिरीक्षा मला घेता येत नाही," त्यांनी मुख्याध्यापक सान्यालमोशायना कळवलं होतं. "दोन मुली माझ्या मागे तंबोऱ्यावर बसवा. गाऊन उठले की सांगेन कुठली माझी." सान्यालमोशायनी दोन नावं काढली होती. एक अणिमा लाहिडी आणि दुसरी वृंदा आगटे.

हीराकुंवरबाईंचा आवाज वृंदाने पहिल्यांदा रेडिओवर ऐकला तेव्हा ती शाईची दौत उघडी टाकून उठली होती आणि दौत तिच्या वडिलांच्या, श्यामरावांच्या, कचेरीच्या कागदांवर लवंडली होती. त्या दिवशी तिला मार बसायचा तो बसला नाही, कारण श्यामराव स्वतःही रेडिओपाशीच उभे होते. तेव्हापासून तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्या बाईसमोर बसायचं आणि त्या जे म्हणतील ते आपल्या गळ्यातून काढून बघायचं. बाकी जग आपलं बाजूला असू दे.

"अणिमा कशी वाजवते?" मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"छान. माझ्याहून शांत."

"तुझ्याहून शांत तर आपली पिठाची गिरणीसुद्धा आहे," लीनामावशी म्हणाल्या, आणि साऱ्या बायका हसल्या. तरी रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून जायचं हे तिथल्या तिथे ठरलंच.

आता त्या भजनाबद्दल थोडं सांगायला हवं. मंदाकिनीबाईंच्या भजनात नियम असे फारसे नव्हतेच. कुणी चुकीच्या सुरात म्हटलं तरी देव समजून घेतो असं त्यांचं मत होतं. पण एका गोष्टीला क्षमा नव्हती. पुढे सांगणारीचा दम संपला, तिने ओळ सोडली, की मागच्यांनी ती तिथल्या तिथे उचलायची. डोळ्यांची पापणी लवायची नाही. "ओळ अधांतरी राहिली की मला जेवणाचं ताट हातातून निसटल्यासारखं होतं," त्या म्हणायच्या. वृंदाचे दुधाचे दात पडायचे होते तेव्हापासून ती आईच्या मागे बसून ओळी उचलत होती. त्यासाठी विचार करावा लागत नसे. ठेच लागली की 'आई गं' म्हणतो, तितकंच ते आपोआप व्हायचं.

शनिवारी सान्यालमोशायनी दोघींना समोर बसवून सूचना दिल्या. खोकायचं नाही. मान डोलवायची नाही, प्रेक्षकांत ओळखीचं कुणी दिसलं तरी हसायचं नाही. बांगड्या काढून ठेवायच्या. पाय बधिर झाला तर होऊ द्यायचा. तार तुटली तर चेहरा तुटू द्यायचा नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आणखी काही राहिलंय का म्हणून छताकडे पाहिलं, आणि काही राहिलं नाही असं वाटून चहा मागवला. 'गायचं नाही' हे सांगायचं त्यांना सुचलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. कलकत्त्यातल्या कुठल्याही गाणाऱ्या घरात हे कुणाला सांगावं लागत नाही.

रविवारी सकाळी मैदानावर अजून धुकं होतं. मंडपाच्या दारात मातीच्या भांड्यांतला चहा वाफाळत होता, सिंगाडे, म्हणजे बंगाल्यांचे समोसे, तळले जात होते, आणि माणसं, माणसं, माणसं! शालीत गुंडाळलेली, माफलरात बांधलेली, एकमेकांना काल रात्री कोण गायलं आणि कोण पडलं ते हातवारे करून सांगणारी. त्या गर्दीतून मंदाकिनीबाईंची फौज तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे सांभाळत पुढे सरकली आणि चौथ्या रांगेत जाऊन बसली. श्यामराव टोकाला बसले, म्हणजे वेळ आली तर उठता येईल.

मंचामागच्या खोलीत वृंदाने बांगड्या काढून ठेवल्या. हीराकुंवरबाई ठेंगण्या, जाड, पांढऱ्या साडीतल्या होत्या आणि दोन्ही तंबोरे स्वतः लावत होत्या. कोपऱ्यात त्यांचे सारंगीवाले भगीरथ मिसिर हातातल्या आरशात मिशा पाहत होते. मिशा काळ्याभोर होत्या, भुवया पांढऱ्या होत्या, आणि या दोहोंत काही विसंगती आहे असं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

"ही कुठली?" त्यांनी वृंदाकडे आरशातूनच पाहत विचारलं.

"मराठी आहे," सान्यालमोशाय म्हणाले.

"बरं. पोरी, माझ्या मागे बसशील ना, तर तंबोऱ्याचा भोपळा माझ्या पाठीला लावू नकोस. मला गुदगुल्या होतात."

अणिमा हसली. वृंदाला हसूसुद्धा येईना.

मग मंचावरचे दिवे, समोर धूसर डोक्यांचा समुद्र, आणि हीराकुंवरबाईंनी लावलेला षड्ज. वृंदाच्या अंगावर काटा आला तो उतरेचना. रेडिओत मावत नव्हता एवढा तो आवाज होता! बाईंनी आधी तोडी मांडली, सावकाश, जणू घरातलं एकेक भांडं पुसून फडताळात ठेवावं. वृंदाची बोटं तारांवर फिरत होती, पाय कधीच बधिर झाला होता, तिने होऊ दिला. मध्येच बाईंनी किंचित मान मागे वळवून तंबोऱ्याकडे कान दिला आणि पुन्हा पुढे वळल्या. मला ऐकलं, वृंदाला वाटलं. मलाच ऐकलं!

तोडी संपली. टाळ्या ओसरायच्या आत बाईंनी भैरवीतली ठुमरी काढली. 'दियरा धरूं ना अटरिया.' गच्चीवर आता दिवा नाही ठेवायची मी, एवढीच ओळ. पण बाई ती एकदा रुसून म्हणायच्या, एकदा चिडून, एकदा अशी, की दिवा हातात घेऊन बाई जिन्यावरच उभी आहे हे सगळ्या मंडपाला कळावं. दर थोड्या वेळाने त्या ओळ शेवटच्या शब्दाच्या अलीकडे सोडून द्यायच्या आणि हात भगीरथजींकडे करायच्या. मग ती उरलेली ओळ सारंगी म्हणायची. तो तिचा मान होता. ठुमरीत असंच असतं. गाणारी अर्धं सांगते, अर्धं सारंगीकडे ठेवते, आणि लोक त्या अर्ध्यासाठी श्वास धरून बसतात.

दोनतीनदा असं झालं तोवर वृंदा सावध होती. पण मग बाईंनी 'धरूं ना' असा काही वर नेला की तिचं भान गेलं. वर नेला, तिथे धरला, थरथरवला, आणि 'अटरिया'च्या तोंडाशी आणून सोडून दिला. सारा मंडप गप्प. ओळ अधांतरी.

आणि वृंदाने ती उचलली.

'अटरिया!' मोकळ्या गळ्याने, सरळ, खणखणीत, टाळ वाजवल्यासारखी. सारंगीसाठी ठेवलेला माइक तिच्या तोंडाशी हातभर अंतरावर होता. त्यामुळे ती 'अटरिया' मंडपातल्या प्रत्येक कर्ण्यातून निघाली आणि बाहेर सिंगाडेवाल्यापर्यंत पोचली. त्याच क्षणी चौथ्या रांगेतून आणखी एक 'अट...' निघाला आणि अर्ध्यात गिळला गेला. मंदाकिनीबाईंनी स्वतःच्या तोंडावर पदर दाबला होता. श्यामरावांनी माफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

भगीरथजींचा सारंगीवर फिरवायचा गज हवेत होता. तो त्यांनी सावकाश खाली आणला आणि मांडीवर आडवा ठेवला.

"बर्गी!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मंडपात हशा पिकला. दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटून गेलेले मराठी घोडेस्वार ते बर्गी. बंगाली आया अजून पोरांना त्यांची भीती घालून झोपवतात. वृंदा मराठी आहे हे त्या ओरडणाऱ्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण लूट ती लूट, कलकत्तेकराला ओळखू येते.

अणिमाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू वृंदाने मंचावर शेगडी पेटवून दूध तापत ठेवलं होतं.

हीराकुंवरबाई वळल्या नाहीत. त्यांनी पुन्हा ओळ घेतली, पुन्हा आणून सोडली, हात डावीकडे केला. भगीरथजींनी खिशातून पानाची डबी काढली, उघडली, आत पाहिलं, आणि मिटली. सारंगी गप्प. तबलजीने कशीबशी ती जागा भरून काढली. पुन्हा ओळ आली, पुन्हा हात झाला. या खेपेला भगीरथजींनी डबीतून पान काढून खाल्लं.

ठुमरी लंगडायला लागली. वृंदाला ते पाठीमागून स्पष्ट ऐकू येत होतं. आपलं काय व्हायचं ते झालंच, बाई आता आपल्याला दाराशीसुद्धा उभं करणार नाहीत, हे तिला कळलं होतं. पण गाणं मोडतंय हे त्याहून वाईट होतं. उठून पाया पडावं तर तंबोरा थांबणार. बोलावं तर पुन्हा माइक. उजवा हात तारांवर तसाच ठेवून तिने डावा हात उचलला, स्वतःचा कान घट्ट पकडला, मग तोच हात भगीरथजींच्या पाठीमागे जमिनीला लावला, आणि पुन्हा कान. डोळे मिटलेले. पुन्हा जमीन, पुन्हा कान.

भगीरथजींना यातलं काही दिसत नव्हतं, पण लोकांना सगळं दिसत होतं. आधी पुढच्या रांगेत कुणी खुदकलं, मग हसू मागे मागे पसरत गेलं. गाण्यात लोक हसतात म्हणजे काय, म्हणून म्हाताऱ्याने मान वळवली. एक मुलगी डोळे मिटून, कान पिळून लाल करून, तंबोरा वाजवत होती.

त्यांच्या काळ्या मिशा हलल्या. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेलं. मग त्यांनी गज उचलला.

आणि काय वाजवलं? तिचीच 'अटरिया'! तशीच, सरळ, नाकासमोर बघून चालणारी, टाळ घेतलेली. इतकी हुबेहूब नक्कल, की चौथ्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींच्या मांड्यांवर चापट्या मारल्या. मंडप फुटला. हसणं निवायच्या आत त्यांनी तीच ओळ दुसऱ्यांदा घेतली, आणि कुठे काय केलं कुणास ठाऊक, शेवटच्या दोन सुरांत ती वळली. सरळ रस्त्याने चाललेल्या बाईने एकदम थबकावं, मागे बघावं, तशी. हसणाऱ्यांचं हसू घशातच राहिलं. "आहाहा!" पाचपन्नास माणसं एकदम म्हणाली.

हीराकुंवरबाई खळखळून हसल्या आणि तीच वळलेली ओळ त्यांनी गळ्यात घेतली. मग जे चाललं त्याला तोड नव्हती. बाईंनी टाकावी, सारंगीने झेलावी, सारंगीने लपवावी, बाईंनी शोधून काढावी. लोक उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. कुणाची तरी कानटोपी हवेत उडाली. वृंदा दात दातांवर घट्ट दाबून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते भीतीचं की कशाचं हे बघायला तिला वेळच नव्हता.

गाणं संपल्यावर मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. हीराकुंवरबाई गादीवर बसून घाम पुसत होत्या. सान्यालमोशाय हात चोळत उभे. मंदाकिनीबाई डब्यासकट आत घुसल्या होत्या. त्यांच्यामागे लीनामावशी आणि सगळ्यांत मागे श्यामराव.

"तू," बाईंनी अणिमाकडे बोट केलं. "तू माझी. परवापासून सकाळी ये."

अणिमा पाया पडली.

"आणि तुला मी नाही घेत," बाई तिला म्हणाल्या, रागाने नाही, सांगितल्यासारखं. "तू मागे असलीस तर मला श्वास घ्यायची चोरी. थांबणं हे अर्धं गाणं आहे, मुली, आणि तुला थांबलेलं सोसवत नाही."

वृंदाने मान हलवली. हेच होणार हे ठाऊक असणं आणि ते कानांनी ऐकणं यांत फार अंतर होतं.

"झालं तुमचं?" भिंतीला टेकलेले भगीरथजी म्हणाले. "मग ही माझी. माझी ओळ खाल्लीय हिने."

सान्यालमोशाय चाचरले, "म्हणजे... पंडितजी, सारंगी शिकायला?"

"सारंगी कशाला? गाणं. मी होळीपर्यंत इथेच पडून आहे. बाई शिकवणार, मी काय कबुतरं मोजू?"

"अगं, सारंगीवाल्याकडे?" लीनामावशी मंदाकिनीबाईंच्या कानाशी कुजबुजल्या, पण त्यांचं कुजबुजणंही भजनाच्या मापाचं होतं. "नाचणाऱ्या बायकांच्या कोठीवरचं वाद्य ते. लोक काय म्हणतील?"

हीराकुंवरबाईंना मराठी येत नव्हती, पण असली कुजबुज त्यांनी जन्मभर सगळ्या भाषांत ऐकली होती. "मला गाणं कुणी दिलं वाटतं तुम्हाला?" त्या हिंदीत म्हणाल्या. "यांच्या वडिलांच्या सारंगीने. त्यांनीच समोर बसवलं होतं मला. रडायची मी."

मंदाकिनीबाई पुढे झाल्या. त्यांची हिंदी भाजीवाल्यापुरती होती. "पंडितजी, हमारी मुलगी ने चूक किया. पर वो चूक उसकी नहीं, हमारी है. हमने उसको लहानपण से वैसाच शिकाया. आप उसको मारेंगे तो नहीं?"

"तुम्हीही गायलात की," भगीरथजी म्हणाले. "चौथी रांग. मी बहिरा नाही."

मंदाकिनीबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. मागे श्यामराव पहिल्यांदाच हसले.

"आईला विचारून काय होणार," भगीरथजी वृंदाकडे वळले. "तू सांग. तुला बाई पाहिजे होत्या. त्या मिळाल्या नाहीत. मी चालेन का?"

वृंदाने अणिमाकडे पाहिलं. अणिमा बाईंच्या पायांशी बसली होती, जिथे आपण बसायचं म्हणून वर्षभर तिने स्वप्नं पाहिली होती. छातीत कळ आली. पण त्या कळेच्या खाली, मघापासून, काहीतरी दुसरंच टोचत होतं, आणि ते तिला राहवेना.

"ते कसं केलंत?" तिने विचारलं.

"काय?"

"माझी ओळ होती ना ती. सरळ होती. शेवटी ती... ती तिकडे कशी वळली?"

म्हातारा खाली बसला, त्याने सारंगी खांद्याला टेकवली आणि तिला समोर बसायची खूण केली. गर्दीत जागा नव्हतीच. सान्यालमोशायना पाय उचलावे लागले. गज फिरला. सरळ ओळ, आणि शेवटी ते वळण, सावकाश, उघडून दाखवल्यासारखं.

"म्हण."

मघाशी कुणी न सांगता उघडलेलं तोंड आता उघडेना. सगळे बघत होते. वृंदाने डोळे मिटले आणि ओळ म्हटली.

"नाही. परत."

तिने परत म्हटली.

"नाही. सूर बरोबर आहे, पोहोचायची घाई आहे. परत."

बाहेर मंडपात पुढच्या गवयाचे तबले लागत होते, कुणीतरी दारातून 'खोली रिकामी करा' म्हणून ओरडत होतं, पुऱ्यांचा डबा हातातून हातात फिरत होता. शिक्षालयात दोन वर्षं तिला सगळे 'छान' म्हणत आले होते, आणि इतक्या हौसेने 'नाही' कुणी म्हटलं नव्हतं. पाचव्यांदा की सहाव्यांदा, शेवटाकडे येता येता ओळ तिच्या गळ्यात किंचित कलली. पुरती वळली नाही. नुसती कलली.

भगीरथजींनी गज उचलला नाही, मानही डोलावली नाही. पण ते "नाही" म्हणाले नाहीत.

"परत," ते म्हणाले, आणि वृंदाने मांडी नीट घालून घेतली.